कानाला दडे बसतात तेव्हा: यूस्टेशियन नळी, कारणं आणि उपचार

कानोकानी

पाऊस सुरू झाला की दवाखान्यात एक तक्रार रोजची होते. "सर्दी कधीच गेली हो, पण कान अजून गच्च आहे. मळ साठलाय का बघा." बघावं तर कान स्वच्छ असतो. पडदा मात्र आत ओढलेला दिसतो.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाच्या आणि ऐकण्याच्या चाचण्या घेते. औषधं नि शस्त्रक्रिया हे काम कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं. हा धागा काढायचं कारण असं की आमच्यापर्यंत येईतो बहुतेकांनी कानात काही ना काही घातलेलं असतं. कोमट खोबरेल, लसूण घालून कढवलेलं तेल, मळ मऊ करायचे थेंब. दुखणं असतं पडद्याच्या पलीकडे, आणि तिथे जायची वाट नाकाच्या मागून आहे. पडदा धड असेल तर तेलाचा एक थेंबही पलीकडे पोचत नाही. पडद्याला भोक असेल तर पोचतो, पण मग सोबत जंतूही आत नेतो. घरच्या मोठ्यांनी मायेने घातलेलं असलं तरी कृपा करून हे थांबवा.

आता नळीबद्दल. पडद्यामागे हवेची लहानशी पोकळी असते, तिला मधला कान म्हणतात. तिथलं अस्तर आतली हवा सतत थोडी थोडी शोषून घेत असतं, म्हणून बाहेरून हवा यावी लागते. ती आणणारी नळी मधल्या कानातून निघून नाकाच्या अगदी मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. मोठ्या माणसात तिची लांबी साधारण ३५ मिलिमीटर. कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडाचा, बाकीचा कूर्चेचा. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव तिला आहे.

ही नळी एरवी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक स्नायू तिला खेचून क्षणभर उघडतो आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. शांत खोलीत आवंढा गिळलात तर कानात बारीकसा 'टक्' ऐकू येतो, तो हाच. मधल्या कानातली ओल घशाकडे वाहून नेणं आणि घशातली घाण व आपल्याच आवाजाचा दणका कानापर्यंत पोचू न देणं हीही तिचीच कामं.

सर्दीने तिचं तोंड सुजलं की ती उघडत नाही. आतली हवा शोषली जाते, नवी येत नाही, पडदा आत ओढला जातो. आवाज दुरून आल्यासारखे वाटतात, कानात चुरचुर होते, स्वतःचा आवाज घुमतो, कधी ठणका लागतो. हे फार दिवस चाललं तर त्या पोकळीत अस्तरातूनच पाणी पाझरून साठतं.

सर्दीनंतरचा दडा बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत आपोआप सुटतो. तो रेंगाळला तर नाकाकडे बघायचं: धुळीची वा बुरशीची ॲलर्जी, सायनस, मुलांमध्ये वाढलेले ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी), घशाशी येणारं आम्ल, सिगारेट (घरात दुसरा ओढत असेल तरी). दुभंगलेल्या टाळूच्या बाळांमध्ये तर हा त्रास जवळजवळ ठरलेलाच, कारण नळी उघडणाऱ्या स्नायूलाच धड आधार नसतो. अशा बाळाचं टाळूचं ऑपरेशन झालं की पालकांना काम संपल्यासारखं वाटतं. कानांची तपासणी मात्र पुढेही चालू ठेवायलाच हवी.

तुमचे अनुभव आणि प्रश्न लिहा. जमेल तसं उत्तर देईन.

सह्यभटक्या

छान धागा. माझे कान घाट चढताना सुटतात आणि उतरताना बसतात. एक्सप्रेसवेने पुण्याहून मुंबईला जाताना खोपोलीला पोचेपर्यंत दोन्ही कान गच्च. चढताना मात्र काही होत नाही. असं का? विमानातही उतरतानाच हाल होतात.

कानोकानी

सह्यभटक्या, निरीक्षण अचूक आहे. वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा तुलनेने जास्त दाबाची होते आणि ती नळी ढकलून आपोआप बाहेर पडते. खाली येताना उलटं होतं. हवा आत घ्यायची असते आणि त्यासाठी स्नायूंनी नळी उघडावी लागते. लोणावळा ते खोपोली म्हणजे पाच-साडेपाचशे मीटरचा उतार, तोही थोडक्या वेळात. विमानात केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. तिथून जमिनीवर यायचं म्हणजे फरक चांगलाच मोठा.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दाबातला फरक साधारण ९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत गेला की नळीचं तोंड इतकं घट्ट चिकटतं की गिळूनही उघडत नाही. म्हणून कान पूर्ण बसायची वाट पाहायची नाही. विमान खाली यायला लागल्याबरोबर गिळत राहायचं, गोळी चघळायची, थोडं थोडं पाणी प्यायचं. झोपायचं नाही, कारण झोपेत आपण फार कमी वेळा गिळतो. तान्ह्या बाळाला त्याच वेळी अंगावर पाजावं किंवा बाटली द्यावी, आणि शक्यतो उभं धरून.

नाक दाबून, तोंड मिटून हलकेच फुंकणं ही वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाची युक्ती; १७०४ सालच्या त्याच्या पुस्तकापासूनची. हलकेच हा शब्द महत्त्वाचा. जोर लावला तर चक्कर येते आणि आतल्या कानाला इजाही होऊ शकते. भरपूर सर्दी असताना करू नये, शेंबूड कानाकडे ढकलला जातो. नाक दाबून आवंढा गिळणं (टॉयनबीची पद्धत) जास्त सौम्य आहे.

सागरगोटे

मी तारकर्लीला डायव्हिंग शिकलो, तिथली गोष्ट सांगतो. हौशी पर्यटकांचं दुखतं ते पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच, खोल गेल्यावर नाही. बोटीवर सगळे माना डोलावतात, पाण्यात उतरलं की नाक दाबायचं विसरतात आणि कान दुखायला लागल्यावर जोरात फुंकतात. आमचे प्रशिक्षक सांगायचे की दुखण्याच्या आधीच कानातला दाब सारखा करून घ्या, आणि दुखलंच तर फुंकू नका, एक मीटर वर या.

आणि सर्दी असताना, नाक मोकळं करायचे थेंब मारूनही, उतरू नये. थेंबांचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना हवा आत अडकते. तेव्हा आतून बाहेर असा ठणका लागतो, तो वाईट.

कानोकानी

सागरगोटे, अगदी बरोबर. तो ९० मिलिमीटर पाऱ्याचा आकडा पाण्यात मोजला तर सव्वा मीटरसुद्धा होत नाही. कमरेहून थोडं जास्त पाणी! म्हणून पृष्ठभागापासूनच सुरुवात करावी लागते. सुट्टीचे पैसे भरलेत म्हणून सर्दीत डायव्हिंग करू नका, पडदा फाटलेली माणसं मी तपासली आहेत.

पिंपळपान

ताई, माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. शाळेतून तक्रार आली की लक्ष देत नाही. घरीही टीव्ही मोठा लावतो, दोनदा-तीनदा हाक मारावी लागते. आम्ही त्याला रागावत होतो. डॉक्टरांनी दोन्ही कानांत पाणी आहे सांगितलं आणि ॲडेनॉइडही वाढलेत म्हणाले. रात्री तोंड उघडं ठेवून घोरतो. सासूबाई म्हणतात आंघोळीचं पाणी गेलं असेल, मी आता डोक्यावरून पाणीच घालत नाही. पडद्यात ती बारीक नळी, ग्रोमेट, टाकावं लागेल का? भीती वाटते.

कानोकानी

पिंपळपान, आधी हे सांगते की आंघोळ नेहमीसारखी घाला. हे पाणी बाहेरून आलेलं नाही, आतच पाझरलंय. सासूबाईंनाही तसंच सांगा. आणि मुलगा मुद्दाम दुर्लक्ष करत नव्हता, त्याला खरंच कमी ऐकू येत होतं. वर्गात त्याला पुढच्या बाकावर बसवायला बाईंना आजच सांगा. बोलताना त्याच्या समोर या, टीव्ही बंद करून बोला. उपचार व्हायचे तेव्हा होतील, तोवर याने त्याचा दिवस सोपा होईल.

लहान मुलांची नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते. मोठ्यांची साधारण ४५ अंशांत उतरती असते, बाळाची जेमतेम १० अंशांत. सातेक वर्षांपर्यंत ती मोठ्यांसारखी होते, म्हणून बऱ्याच मुलांचा हा त्रास वयाबरोबर मागे पडतो. म्हणूनच पडदा किंवा ऐकणं फार बिघडलेलं नसेल तर डॉक्टर सहसा तीन महिने थांबून पुन्हा तपासतात.

टिंपॅनोमेट्री (मधल्या कानातला दाब पाहायची चाचणी) झाली का? झाली नसेल तर आग्रह धरा. सुई नाही, दुखत नाही. कानाच्या तोंडाशी रबराचं मऊ टोक घट्ट बसवतो, आत बारीक घुमणारा आवाज असतो आणि मशीन दाब थोडा वाढवून हळूहळू उतरवत नेतं. मुलाने तेवढी काही सेकंदं गिळायचं नाही, बोलायचं नाही. कागदावर डोंगरासारखी रेघ उमटते. शिखर शून्याच्या आसपास असेल तर दाब ठीक. शिखर डावीकडे सरकलं तर आत दाब कमी, म्हणजे नळी उघडत नाही. डोंगर नाहीच, नुसती सपाट रेघ आली तर बहुधा पाणी. जोडीला ऐकण्याची चाचणी करा, कारण ग्रोमेटचा निर्णय नुसत्या पाण्यावर ठरत नाही, किती कमी ऐकू येतं त्यावरही ठरतो.

दरम्यान एक करण्यासारखं आहे. नाकाने फुगवायचा फुगा मिळतो, ओटोव्हेंट वगैरे नावांनी. एका नाकपुडीला नळीचं गोल टोक लावायचं, दुसरी बोटाने बंद, तोंड मिटून फुगा फुगवायचा. ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर याचा अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला. दिवसातून तीन वेळा फुगा फुगवणाऱ्या मुलांपैकी ४७ टक्क्यांचा टिंपॅनोग्राम (तीच डोंगराची रेघ) महिन्याभरात सुधारला, न फुगवणाऱ्यांपैकी ३६ टक्क्यांचा. फरक फार मोठा नाही, पण धोका जवळजवळ नाही आणि मुलं ते आवडीने करतात. डॉक्टरांना विचारून सुरू करा.

आणि एक कळकळीने सांगते. कानातल्या पाण्यासाठी मुलांना सर्दीची सिरपं महिनोन् महिने देतात. ॲलर्जीच्या नि नाक सुकवणाऱ्या औषधांनी हे पाणी जात नाही, हे अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालंय. मूल पेंगुळतं, चिडचिडं होतं, पाणी तिथेच.

परसदार

शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. आमच्या मुलीला अशी सिरपं चालू होती, वर्गात झोपायची. नंतर ग्रोमेट टाकलं. गाडीतून घरी येताना तिने विचारलं, हा टिकटिक आवाज कसला? इंडिकेटरचा होता. रोज त्याच गाडीतून जात होती.

तळ्याकाठी

कालपासून माझा उजवा कान बंद आहे. सकाळी उठलो तेव्हापासून. सर्दी-खोकला काही नाही. आत शिट्टीसारखा आवाज येतोय. हेही दडेच का? गरम वाफ घेऊ का?

कानोकानी

तळ्याकाठी, वाफ राहू द्या. आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, उद्यावर टाकू नका. सर्दी नसताना एक कान एकाएकी बंद झाला आणि शिट्टी सुरू झाली तर ती कानाची नस असू शकते. वरून अगदी दड्यासारखंच वाटतं, पण इथे स्टेरॉइडची गरज असते आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त. पहिल्या काही दिवसांचं मोल मोठं आहे.

घरबसल्या एक करून पाहा. तोंड मिटून 'हूं' असा लांब आवाज काढा. बंद कानात जास्त घुमला तर अडथळा मळाचा, पाण्याचा किंवा नळीचा असण्याची शक्यता. चांगल्या कानात जास्त ऐकू आला तर नसेची शंका. कुठल्याही कानात ऐकू आला तरी जायचं आहेच. तिथे ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) मागा.

तळ्याकाठी

'हूं' डाव्या कानात ऐकू येतोय. निघतोय.

शेवंती

माझं थोडं वेगळं आहे. गेल्या वर्षी आजारपणात वजन बरंच उतरलं. तेव्हापासून स्वतःचा श्वास कानात ऐकू येतो, बोलले की आवाज डोक्यात घुमतो. चालताना जास्त. आडवं पडलं की एकदम बरं. नाकाचा स्प्रे दिला होता, त्याने वाढलं. एकांनी मनाचे खेळ म्हटलं.

कानोकानी

शेवंती, मनाचे खेळ नाहीत. तुमच्या वर्णनावरून नळी बंद राहण्याऐवजी उघडी राहत असावी. नळीभोवती चरबीची एक गादी असते, तीच तिला मिटलेली ठेवायला मदत करते. वजन झपाट्याने उतरलं की ती गादी झिजते. आडवं पडलं की तिथल्या शिरा रक्ताने फुगतात, नळी मिटते, म्हणून बरं वाटतं. ही खूण फार मोलाची आहे, डॉक्टरांना आवर्जून सांगा. श्वास जोरात घेताना पडदा श्वासाबरोबर हलताना दिसतो का, हे ते दुर्बिणीतून पाहू शकतात.

नाक सुकवणारी औषधं आणि सूज उतरवणारे स्प्रे इथे त्रास वाढवतात. भरपूर पाणी पिणं, नाकात सलाइनचे थेंब, वजन थोडं परत येणं याने बऱ्याच जणांना उतार पडतो. आणि नाक सारखं वर ओढायची सवय लागली असेल तर ती मोडा. ओढलं की नळी मिटते म्हणून तात्पुरतं बरं वाटतं, पण त्याने पडदा आत खेचला जातो आणि पुढे कानाचा मोठा आजार होऊ शकतो.

शेवंती

नाक ओढायची सवय आहेच! कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या वेळी सांगते. मनापासून आभार.

हिवरं_रान

मला ॲलर्जी आहे, स्टेरॉइडचा स्प्रे मारतो, तरी कान बसतातच. नाक मोकळं करणारे थेंब मात्र लगेच लागू पडतात, ते किती दिवस वापरले तर चालतील? जलनेती करू का? आणि न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो फुगा घालून नळी रुंद करतात. खरं का?

कानोकानी

एकेक घेते. नाक मोकळं करणारे थेंब (झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन) तीन ते पाच दिवस, त्यापुढे नाही. जास्त वापरले की असर उतरताना नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, असं चक्र लागतं. त्यातून सुटायला महिने लागलेले लोक आहेत.

स्टेरॉइड स्प्रेचं कौतुक नि मर्यादा दोन्ही सांगायला हवं. ॲलर्जीवर तो उत्तम. ॲलर्जी नसताना नुसत्या नळीच्या त्रासावर त्याचा खास फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. तुम्हाला ॲलर्जी आहे, तेव्हा तो तुमच्यासाठीच आहे. फक्त मारण्याची पद्धत तपासा. आधी नाक हलकेच शिंकरून मोकळं करा. मान थोडी खाली झुकवा, वर नाही. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारा, टोक बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या रोखाने. नाकाच्या मधल्या पडद्यावर मारलं की तिथे जखम होऊन रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढू नका; औषध घशात कडू लागलं तर ते नाकात राहिलंच नाही. आणि रोज मारा. पूर्ण असर दिसायला दोन आठवडे लागू शकतात. चार दिवसांत सोडून देणारेच जास्त.

नेती चालेल, पण पाणी उकळून गार केलेलंच. २०११ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा मेंदूत अमीबा शिरून मृत्यू झाला होता. मिठाचं प्रमाण अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅमच्या आसपास, चहाचा साधारण पाऊण चमचा. नेतीनंतर नाक दाबून शिंकरू नका, पाणी कानाकडे जातं.

भाऊ म्हणतात ते खरं आहे. नाकातून दुर्बिणीने बघत नळीच्या कूर्चेच्या भागात बारीक फुगा सरकवतात, साधारण दोन मिनिटं फुगवून काढून घेतात. अमेरिकेत याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पण तीन महिन्यांहून जास्त काळ नळी खरोखर बंद राहत असेल, आणि ॲलर्जी वगैरेचे उपचार होऊन गेले असतील, तेव्हाच. शेवंतींसारखी उघडी नळी असेल तर हे करायचं नाही. नुसतं कान गच्च वाटतं म्हणूनही नाही. जबड्याच्या सांध्यामुळे अगदी असंच वाटतं, टिंपॅनोमेट्री मात्र ठणठणीत येते. रात्री दात खाणारे यात बरेच निघतात.

आणखी एक, सगळ्यांसाठी. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी झालं आणि ते हटेना, तर नाकामागची जागा दुर्बिणीने पाहून घेतलीच पाहिजे. क्वचित तिथे गाठ असते. मानेत गाठ लागणं, नाकातून रक्तमिश्रित स्राव येणं या जोडीच्या खुणा. या जागेचा कर्करोग आपल्याकडे ईशान्य भारतात, विशेषतः नागालँडमध्ये, जास्त आढळतो. महाराष्ट्रात कमी, पण कमी म्हणून पाहायचंच नाही असं होऊ नये. दुर्बिणीची तपासणी बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते.

तळ्याकाठी

सांगायला आलोय. नसच निघाली. ऑडिओमेट्रीत उजवीकडे बरंच खाली आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू झाल्या. आज थोडं बरं वाटतंय, शिट्टी आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा चाचणी. घरी आई कोमट तेल घेऊन तयार होती.

कानोकानी

वेळेत गेलात, फार बरं केलंत. साखर असेल तर ती रोज तपासा, या गोळ्यांनी वाढते. सुधारणा कमी वाटली तर पडद्यातून स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं, त्याबद्दल पुढच्या भेटीत नक्की विचारा.

पिंपळपान

आमची पुढची तपासणी झाली. डावीकडे डोंगर उमटला, थोडा सरकलेला. उजवीकडे रेघ अजून सपाट. फुगा चालू आहे, तो मोठ्या बहिणीलाही करून दाखवतो. ॲडेनॉइड आणि उजव्या कानाचं ग्रोमेट एकदमच करायचं का, हे पुढच्या भेटीत ठरेल. ग्रोमेट टाकलं तर पोहणं बंद का? उन्हाळ्यात आजोळी विहिरीत उड्या मारायचं त्याचं ठरलंय.

कानोकानी

डावीकडे सुधारणा आहे, चांगली बातमी. ग्रोमेट म्हणजे पडद्यात बसवलेली इवलीशी नळी, हवा तिथून जाते. बहुतेक वेळा सहा महिने ते वर्षभरात ती आपोआप बाहेर पडते आणि पडदा भरून येतो. ती असताना आंघोळ आणि स्वच्छ तलावात वरवर पोहणं बहुतेक मुलांना चालतं, कानात बोळेही लागत नाहीत. साबणाचं पाणी कानात साठू देऊ नका. विहिरीत मात्र उंचावरून उड्या आणि खोल बुड्या नकोत, दाबाने पाणी आत जातं, शिवाय विहिरीचं पाणी किती स्वच्छ ते सांगता येत नाही. कानातून पू किंवा घाण वास आला तर वाट न पाहता दाखवा. तेव्हा सहसा थेंबच देतात, आणि ग्रोमेट असल्यामुळे ते आत पोचतात. फक्त ते डॉक्टरांनी लिहून दिलेलेच हवेत. घरातल्या जुन्या बाटलीतले काही थेंब मधल्या कानात गेले तर नसेला अपाय करतात.